म्हशीचं वाक्य

लोणावळ्याच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला मराठी लेखन शिकवते. वर्गात जवळच्या कान्हे गावाहून एक बाई येतात. चाळिशी ओलांडलेल्या, सगळ्यांत मोठ्या. वाक्य संपलं की पेनाला टोपण लावतात, पुढचं सुचलं की परत काढतात. त्यांच्या परिच्छेदात नणंद, बाजार, रस्ता सगळं एकत्र यायचं. एका परिच्छेदात एकच मुद्दा घ्या, असं मी सांगितलं की म्हणायच्या, "पन मॅडम, समदं एकाच दिवशी झालतं!"

मागच्या आठवड्यात त्यांनी आई गेली त्या दिवसाबद्दल पानभर लिहिलं. त्यात मध्येच म्हशीबद्दल एक वाक्य होतं. मी त्यावर रेघ मारणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"बाकीचं काढा. ह्ये राहू द्या."

मग दवाखाना, पाहुणे, रडारड त्यांनीच खोडलं आणि ते वाक्य सर्वांत वर नेलं: 'आई गेली त्या दिवशी म्हशीनं कुणालाच धार काढू दिली नाही.' त्याखाली आई रोज धार कशी काढायची, एवढंच ठेवलं.

"आता झाला का परिच्छेद?"

"झाला. वर्गात वाचून दाखवू?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"वाचा. पन सावकाश. आईला घाई केल्याली आवडायची न्हाई."