सुगरणीच्या घरट्यांमागचं लाल आभाळ

भिलाईत संध्याकाळी आभाळ दोनदा लाल व्हायचं. एकदा सूर्य बुडताना, आणि मग अंधारून आल्यावर पोलादाच्या प्लांटमध्ये स्लॅग, म्हणजे भट्टीतला वितळलेला मळ, ओतायचे तेव्हा. ही दुसरी लाली काही क्षणच टिकायची. कधी येईल याचा नेम नसायचा.

जुनवानीच्या तळ्याकाठच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. हे झाड मला त्या दुसऱ्या लालीसमोर फोटोत हवं होतं. मी प्लांटच्या ऑफिसात क्लार्क, लग्न होऊन भंडाऱ्याहून आलेली. कॅमेरा नवऱ्याने बारशा-लग्नांसाठी घेतलेला, पण एव्हाना तो माझाच झाला होता.

मार्केटमधल्या स्टुडिओवाल्याकडे तेव्हा नवाच कॉम्प्युटर आला होता. माझा बेत ऐकून तो हसला. मी दिवसा काढलेला बाभळीचा फोटो त्याने घेतला, मागचं पांढुरकं आभाळ पुसलं आणि कुठल्याशा समुद्रावरचा सूर्यास्त तिथे बसवला. प्रिंट देखणी होती. घरी सगळ्यांना आवडली. मला मात्र जुनवानीच्या झाडामागे समुद्राचं आभाळ बघवेना.

मग ऑफिस सुटलं की तळ्यावर जायचं, असं सुरू झालं. नवरा स्कूटरवरून न्यायचा आणि डास मारत बसायचा. एकदा वैतागून म्हणाला, "कावून वो येवढा तरास? कॉम्प्युटरवर होऊन राहिलं ना सगळं."

"होत असंन," मी म्हटलं. "मले आपलं आभाळ पायजे."

दुसऱ्या दिवशी तो स्कूटर काढून दारात उभा होता.

खरी अडचण वाऱ्याची होती. तेवढ्या उजेडात शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागणार, आणि तेवढ्यात घरटी हलणार. पहिले दोन रोल त्यातच वाया गेले. वारा पडायची वाट बघत बसले की लाली निघून जायची. शेवटी मी ठरवलं, हलू देत. झाडाचा बुंधा स्थिर राहील, घरटी झुलतील, आणि त्यांचं झुलणंच फिल्मवर उतरेल. त्यानंतर मी वाऱ्याचीच वाट पाहू लागले.

ती संध्याकाळ आली तेव्हा पाखरं कधीचीच निघून गेली होती. प्लांटकडून आभाळ एकाएकी पेटलं. मी बटण दाबून धरलं, श्वास रोखला, मग बटण सोडलं. दुसरा फोटो घेईपर्यंत सगळं काळं झालं होतं.

रोल धुवून आला. बाभळीच्या बुंध्यालगतचे काटे सुईसारखे स्पष्ट होते, आणि लाल आभाळात घरट्यांच्या कडा धुरासारख्या पसरल्या होत्या. मी तो फोटो टाउनशिपमधल्या प्रदर्शनात दिला.

बघायला गेलो तर फोटो कॉम्प्युटरवर केलेल्या कामांच्या भिंतीवर टांगलेला. परीक्षक एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी हिंदीत माझं कौतुक केलं, घरट्यांवरचं धूसरपण छान जमवलंय म्हणाले. मी पर्समधून निगेटिव्हची पट्टी काढून त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, हे झाडासमोर उभं राहून काढलंय, माझा फोटो तिकडे, नुसत्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंच्या भिंतीवर लावा. ते म्हणाले, आता मांडणी झाली, काय फरक पडतो.

मी जागची हलले नाही. तेव्हा इतका वेळ मागे उभा असलेला नवरा पुढे आला. शांतपणे म्हणाला, "साहब, मैं साथ में था. हर शाम."

परीक्षकांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ पाहिली. मग स्वतःच्या हाताने त्यांनी फोटो उतरवला आणि तिकडच्या भिंतीवर लावला.

बक्षीस मिळालं नाही. एका धनेश पक्ष्याच्या फोटोला मिळालं, आणि तो खरंच चांगला होता. प्रदर्शन संपेपर्यंत मी रोज तिथे जाऊन उभी राहिले. लोक विचारायचे, हे आभाळ कुठलं? मी सांगायची, इथलंच, जुनवानीचं.