वायफायला पत्ता दिला, वाट दिली नाही

मंडळी, हात अजून ओले आहेत, पण राग उतरायच्या आत लिहितो.

आज सकाळी घरातलं नेटवर्क दोन भागांत केलं. ऑफिसचा कॉम्प्युटर वायरवर, सगळ्यांचे मोबाइल वायफायवर. दोन्हीकडं प्रत्येक यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता द्यायला डीएचसीपी सर्व्हर लावला. कॉम्प्युटर झकास चालला, मोबाइलवर वायफायची खूणही आली. मी खुशीत कामाला बसलो.

तासाभरानं गेट धडाधडा वाजलं. शेजारच्या शकूमावशी. "अहो, नळ आलाय की! पाणी जायची येळ झाली. ग्रुपवर कवाच टाकलंय!"

या दुष्काळात आमच्या कॉलनीला आठ दिवसांनी पाणी येतं. घरं वाढतायत, पाणी तेवढंच. चपला न घालता पळालो, मोटार लावली. टाकी पावसुद्धा भरली नाही, तोवर नळ गेला.

मग सर्व्हर तपासला. मोबाइलला पत्ते नवे दिले होते, पण इंटरनेटवर बाहेर पडायची वाट, म्हणजे गेटवे, वायरच्या नेटवर्कचाच ठेवला होता. म्हणून खूण दिसूनही मोबाइलवर एकही मेसेज आला नाही.

झोंबलं ते वेगळंच. पूर्वी नळ आला की मावशी गल्लीभर हाक मारायच्या. माझ्या मीटिंगमध्ये आवाज येतो म्हणून मीच कॉलनीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुरू केला आणि म्हणालो, "ओरडू नका, मेसेज टाका."

दुपारी मावशी दोन हंडे पाणी ठेवून गेल्या. ते पिंपात ओतूनच लिहायला बसलो.

गेटवे दोन मिनिटांत दुरुस्त झाला. आता तुम्हीच सांगा, "मावशी, पुन्हा ओरडत जा" हे कुठल्या तोंडानं म्हणू?