साच्याचं टोक

शेजारच्या बांधकामावर सिमेंट चिकटू नये म्हणून स्लॅबच्या फळ्यांना जळकं ऑइल लावताहेत. तो वास आला आणि मी भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी, ह्यांच्या साच्यापाशी जाऊन पोचले.

आमचे हे सेंट्रिंगचे मिस्त्री. सिमेंटचं जहाज करायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. दोन उन्हाळे खपून, फळ्या वाकवून त्यांनी साचा केला. ह्या एका साच्यातून दहा जहाजं निघतील, म्हणायचे.

साच्यात सिमेंटचा माल ओतायच्या आधी त्यांनी विचारलं, "समदीकडं ऑइल लावलंस नव्हं?"

"व्हय," मी म्हणाले. टोकाच्या आतल्या खोबणीत माझा हात पोचला नव्हता.

आठवड्यानं बाकीच्या फळ्या सुटल्या, टोकाच्या काही केल्या सुटेनात. शेवटी ह्यांनीच साच्यावर कुऱ्हाड घातली. त्याबरोबर जहाजाचं टोकही फुटलं. जमलेली माणसं हसली, तशी हे म्हणाले, "ऑइल लावायचं मीच इसरलो."

मी खाली वाकून फुटके तुकडे वेचू लागले. पुन्हा त्यांनी जहाजाचं नाव काढलं नाही.

हे वारल्यावर मी त्यांची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी टोकाच्या फळीचा तुकडा होता, फडक्यात जपून बांधलेला. माझ्या बोटांचे काळे ठसे जिथं संपले होते, तिथून पुढं सिमेंट चिकटलेलं होतं.