रंगरावांचं आवडतं भरीत

सत्यभामाबाईंना मी ओळखत होतो असं म्हणणं धाडसाचं आहे. जळगाव जामोदच्या आमच्या वाचनालयात अकरा वर्षं मी त्यांना पुस्तकं दिली, पण त्यांच्या घरी जेवलो तो एकदाच. तरी लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाई विधवा होत्या. दोन एकरांत भाजी पिकवायच्या, बाजारात स्वतः विकायच्या आणि जुन्या कादंबऱ्या वाचायच्या. ताटातूट झालेले दोघं म्हातारपणी शेवटच्या पानावर भेटले, की पुस्तक माझ्या टेबलावर आपटायच्या. "दुसऱ्या दिवशी सकाळी उठून हे दोघं बोलले काय, ते काऊन नाही लिहिलं?" असं मलाच विचारायच्या, जणू कादंबरी मीच लिहिली होती. मी आपला शिक्का मारत बसायचो.

मागच्या हिवाळ्यात लोणारहून रंगराव आले. तरुणपणी या दोघांचं जमलं होतं, पण घरच्यांनी मोडलं. आता रंगरावही एकटे होते. उरलेली वर्षं लग्न करून सोबत काढू, असं त्यांनी सरळ विचारलं. बाईंनी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं आणि लोकांच्या तोंडी विषय नको म्हणून मलाही बसवलं. संकोचानं मी ताटातच बघत जेवत होतो.

ताटात वांग्याचं भरीत होतं. याच चवीवर चाळीस वर्षं काढली, असं रंगराव सांगत होते. पहिल्याच घासाला त्यांना जबर ठसका लागला. पाणी पिऊन ते हळूच म्हणाले, "तेव्हा तुझं भरीत असं तिखट नव्हतं."

"तेव्हा माय करत होती," बाई म्हणाल्या. "मी नुसती वाढत होती."

रंगराव हसले. बाईंनी त्यांच्या ताटात दही वाढलं.

"तुम्ही ज्या पोरीले शोधत आले, ते मलेही आता सापडत नाही. लग्न केलं तर रोज तिच्यासंगं माझी तुलना होईन. मीही तुम्हाले सोडणार नाही, तुमच्यातला तो पोरगा मागत बसीन. जेवाले येत जा. लग्न नको."

रंगरावांनी मान खाली घालून ताट पुसून घेतलं. पुढचे तीन आठवडे बाई वाचनालयात फिरकल्या नाहीत. मी विचारायला जायला हवं होतं. गेलो नाही.

पोळ्याच्या आधी बाजारात भेटल्या. ती शेवटची भेट, त्यानंतर आठ दिवसांत त्या वारल्या. त्या दिवशी बाजारात, रंगराव येतात का, एवढंच मी त्यांना विचारलं.

"येतात. भांडतात अन् संध्याकाळच्या बसनं जातात."

"मग बरं आहे."

"बरंच आहे. तुमचा चहा झाला का?"

"झाला."

"मंग सरका बरं थोडे, गिऱ्हाईक उभं आहे."