मिल बंद, फोन चालू

आमच्या ग्रुपला एक वाईट खोड आहे. कुणाकडे साखरपुडा असो की तेरावं, मिलची जुनी माणसं एका कोपऱ्यात खुर्च्या ओढतात आणि पाच मिनिटांत तिथून खिदळण्याचा आवाज येतो. घरचे डोळे वटारून बघतात. काय करणार? मिल बंद पडली, पण किस्से काही बंद पडले नाहीत भिया! एक सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो.

मी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये टेलिफोन ऑपरेटर होते. वडील तिथेच क्लार्क होते, ते गेल्यावर मला बोर्डावर बसवलं. मिल तोपर्यंत सरकारने ताब्यात घेतली होती. त्यामुळे मंत्री, सेक्रेटरी, युनियन, व्यापारी, जो बोलायचा तो आधी माझ्या कानात बोलायचा आणि मग साहेबांच्या. तेव्हा मी सांगते ते सगळं ऐकीव आहे, पण माझ्याच कानांनी ऐकलेलं!

*

सुरुवात झाली काटकसरीपासून. वरून सर्क्युलर आलं की सरकारची तिजोरी खाली आहे, नवं धोरण आलंय, सगळ्या सरकारी मिलनी खर्च कमी करावा.

आमचे ऑफिस सुपरिंटेंडेंट होते फणसेसाहेब. त्यांचे पणजोबा संस्थानच्या दरबारात कामाला होते. दरबार गेला, पण हुकूम पाळायची सवय घराण्यात राहिली. त्यांनी लगेच एकाआड एक ट्यूबलाइट काढायला लावली, पंखे दुपारनंतरच सुरू करायचे ठरवलं, आणि एक चहा दोघांत. मी आणि टायपिस्ट एकाच कपावर आलो.

मग काटकसर नीट चाललीय की नाही हे बघायला कमिटी आली. गाड्यांची रांगच लागली. प्रत्येक साहेबाबरोबर एकेक पीए, मुक्काम चांगल्या हॉटेलात. फणसेसाहेबांनी सगळ्यांना अर्ध्या उजेडाच्या हॉलमध्ये बसवलं आणि चहा मागवला. कमिटीच्या अध्यक्षांनी कपात डोकावून बघितलं.

"ये क्या है? आधा कप?"

फणसेसाहेबांनी अदबीने हात जोडले. "पूरा ही है साहब. बाकी आधा बाहर आपके पीए साहब पी रहे हैं. आपके ही सर्क्युलर में लिखा है."

कमिटीचा रिपोर्ट आला. त्यात म्हटलं होतं, "मिलमध्ये काटकसरीला अजून पुष्कळ वाव आहे!"

*

तो वाव मग माझ्या बोर्डावर सापडला. बाहेर फोन लावायच्या लाइनीला कुलूप घातलं. आलेला फोन घ्यायचा, लावायचा नाही. किल्ली जीएमसाहेबांच्या खिशात.

एकदा जीएमसाहेब दिल्लीला गेले, आणि किल्लीही त्यांच्याबरोबर दिल्लीला गेली. त्याच दिवशी वेस्ट कॉटनच्या, म्हणजे टाकाऊ कापसाच्या गोदामाला आग लागली!

विणाई खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम, मांगीलालजी, पक्के माळव्याचे. आवाज असा, की चालू लूमच्या खडखडाटातही ऐकू यावा. ते माणसं घेऊन धावले. कुणी ओली पोती आणली, कुणी वाळू टाकली. एकाला सायकलवरून फायर ब्रिगेडला पिटाळलं, तो रेल्वे फाटकात अडकला. मांगीलालजी खिडकीतून ओरडले, "ताई, फोन लगाओ!" मी कुलूप दाखवलं. त्यांनी त्या कुलपाला माळवीत जे ऐकवलं ते मी इथे सांगू शकत नाही.

तेवढ्यात बोर्डावर घंटी. इंदूरबाहेरच्या बेटमा गावाहून आमचे कापसाचे व्यापारी. "ताई, कल गाड़ी भेजूं क्या?"

"सेठजी, गाडी राहू द्या, इथे मिलला आग लागलीय! आमचा फोन बाहेर लागत नाही. तुम्ही तिकडून फायर ब्रिगेडला सांगा!"

भला माणूस. त्याने लगेच इंदूरला फोन लावून सांगितलं, "बेटमा से बोल रिया हूं, मिल में आग लगी है, जल्दी आओ!"

फायर ब्रिगेडवाले घंटा वाजवत निघाले, आमच्या गेटसमोरून भर्रकन गेले, आणि थेट बेटम्याला पोचले. तिथे एक जिनिंग मिल होती. तिथल्या मालकाला त्यांनी दुपारच्या झोपेतून उठवून विचारलं, आग कुठे आहे.

मांगीलालजींनी आणि त्यांच्या माणसांनी तोवर आग विझवली होती. अर्धं गोदाम वाचलं. एकाचा हात भाजला, तो पुढे बरा झाला. दुपार कलल्यावर बंब परत आला. "आग कां है?"

मांगीलालजींच्या भुवयासुद्धा जळलेल्या. म्हणाले, "आग तो गई भिया. आप चाय पीओ. पर आधी मिलेगी."

*

मिलमध्ये युनियन दोन. एक सत्तेतल्या पक्षाची, तिचे पुढारी मांगीलालजी. दुसरी विरोधी पक्षाची, तिचे पुढारी दिघे. दिघे फोल्डिंग खात्यातले, चार पिढ्या इंदुरात काढलेले, बोलायला लागले की अर्धं मराठी, अर्धं हिंदी. दोघं आमच्याच चाळीत शेजारी शेजारी राहायचे. घरात भाजीच्या वाट्या इकडून तिकडे, आणि गेटवर एकमेकांच्या पक्षाचा उद्धार!

मांगीलालजींचं भाषण म्हणजे, "धीरज रखो, सरकार सोच रही है." दिघ्यांचं भाषण म्हणजे, "ये सरकार मजदूर का खून चूस रही है." दोन्ही भाषणं आम्हाला पाठ. माझी मुलगी घरात भातुकलीत म्हणून दाखवायची.

मग निवडणूक झाली आणि सरकार पालटलं. दिघ्यांच्या लोकांनी गुलाल उधळला. "आपली सरकार आली, आता मिल वाचली!" नव्या सरकारने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की तिजोरी खाली आहे, आधीच्यांनी सफाचट केलीय, थोडी कळ सोसा.

आता गेट मीटिंगला बोलायचं काय? सकाळी दिघे मांगीलालजींच्या दारात उभे. मी दूध घेऊन येत होते, माझ्यासमोरची गोष्ट आहे.

"मांगीलालजी, तुमचं ते 'धीरज रखो' वालं भाषण जरा नीट सांगा ना. अपन को त्याची प्रॅक्टिस नाही."

मांगीलालजी दात घासत होते. चूळ भरून म्हणाले, "ले जाओ. पर मेरे को वो 'खून' वाला दे जाना."

*

फणसेसाहेबांची मुलगी वैजू आणि तिचा नवरा श्रीकांत इंग्लंडमध्ये. साहेबांच्या घरी फोन नव्हता, म्हणून ती मिलवर फोन करायची. येणाऱ्या फोनला कुलूप नव्हतं ना!

ती राहायची ते गावही एके काळी कापडाच्या मिलचं, आणि तिथल्या मिल कधीच बंद पडलेल्या. एकदा ती सांगत होती, "बाबा, इथेही सरकारची काटकसर चाललीय. लायब्ररी आठवड्यातून दोन दिवस बंद. म्हाताऱ्यांची बस बंद. श्रीकांतचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, पण सरकारी हॉस्पिटलात वेटिंग लिस्ट. एक पक्ष म्हणतो आधीच्यांनी पैसे उडवले, दुसरा म्हणतो आत्ताच्यांनी कापले. आणि श्रीकांत पोट धरून दोघांची भाषणं टीव्हीवर बघतो."

फणसेसाहेब फोन ठेवून मला म्हणाले, "सुधाबाई, साहेबाने दीडशे वर्षं राज्य केलं आपल्यावर. शेवटी आलो की नाही बरोबरीला!"

मग वेटिंग लिस्टला कंटाळून जावई ऑपरेशनला इंदुरात आला. तुकोगंजातल्या एका सर्जननी दोन दिवसांत काम केलं. खर्च सासऱ्यांनी केला. जावयाकडून घ्यायचं म्हणजे काय, शोभतं का!

आम्ही बघायला गेलो तर जावई पलंगावर बसून तक्रार करत होता. "बाबा, तिथे मी वर्षभर रांगेत होतो हो, वर्षभर!" बोलता बोलता त्याचं लक्ष गेलं. फणसेसाहेब खुर्चीतून उठताना एका हाताने ओटीपोट दाबत होते.

"बाबा, तुम्हालाही...?"

"किरकोळ आहे. कामगारांच्या सरकारी हॉस्पिटलात नंबर लावलाय."

"कधीपासून?"

"जावईबापू," फणसेसाहेब सावकाश परत बसत म्हणाले, "रांगेत मी तुम्हाला बराच सीनियर आहे!"

जावई लाल झाला. स्वतःचे टाके निघाल्यावर त्याने सासऱ्याला ओढत त्याच सर्जनकडे नेलं आणि या वेळी बिलाला कुणाला हात लावू दिला नाही. सरकारी हॉस्पिटलातून फणसेसाहेबांचा नंबर लागल्याचा फोन माझ्याच बोर्डावर आला. तोपर्यंत मिल बंद पडून महिने लोटले होते, तरी बोर्डावर मी होतेच, ते पुढे सांगते.

*

मिल बंद पडली ती दुपार मला लख्ख आठवते. गेटवर हजारभर लोक बसलेले. एका लाइनीवर सत्तेतले आमदार, भरात आलेले. "जीएमसाब को दो. बोलो उनको, मिल बंद नहीं होगी, मैं बोल रहा हूं! अभी गेट पे जाके ऐलान कर दो!" मी त्यांना लाइनीवर थांबवलं.

दुसऱ्या लाइनीवर राजधानीतून सेक्रेटरी. "जीएम को दीजिए. क्लोजर का नोटिस लिखवाना है. आज ही गेट पर लगना चाहिए."

मी आत धावत गेले आणि सांगितलं. जीएमसाहेब तसे मवाळ गृहस्थ, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी एकदा खिडकीतून गेटकडे बघितलं. मग चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "सुधाबाई, ऐसा करो, दोनों को आपस में जोड़ दो. मेरा इसमें क्या काम है?"

मी जोडून दिले!

थोडा वेळ दोन्हीकडून "हॅलो, कौन?" "आप कौन?" चाललं. मग आमदारसाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "अच्छा... ऊपर से है क्या? नहीं नहीं, तो फिर लगा दीजिए, लगा दीजिए."

नोटीस संध्याकाळच्या आत लागली.

*

मग सरकारला आमची काळजी वाटली. मजुरांनी स्वतःचा धंदा करावा म्हणून ट्रेनिंग ठेवलं. मिलच्याच कँटीनमध्ये एक टायवाला तरुण आला आणि पडद्यावर चित्रं दाखवायला लागला. विषय मशरूम. पलंगाखाली उगवतं, अंधार लागतो, ओल लागते. आमच्या चाळीत या दोन्ही गोष्टींची कमी नव्हती.

मांगीलालजींनी मन लावून मशरूम पिकवलं. भुश्शाच्या पिशव्या पलंगाखाली रचल्या, छताला टांगल्या, बायको-मुलं अंगणात झोपायला लागली. पीक असं आलं की बघत राहावं! टोपली डोक्यावर घेऊन ते सराफा बाजारापर्यंत फिरून आले. एका बाईने विचारलं, "ये क्या है भिया?" यांनी सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा, कुत्ते की छतरी!" आणि नातवाला ओढत पुढे गेली.

मांगीलालजींनी टायवाल्याला गाठलं. "साब, कोई लेता ही नहीं."

टायवाला हसून म्हणाला, "मार्केट तो बहुत बड़ा है मांगीलालजी. बस, अभी इंदौर पहुंचा नहीं है."

ते पोचेपर्यंत चाळीने मशरूमची भाजी खाल्ली, भजी खाल्ली, शेवटी पोह्यांत घालून खाल्ली. मांगीलालजींनी पुढे आवाजाच्या जोरावर लग्नाच्या बँडबरोबर पुकारा करायचं काम धरलं आणि ते छान चाललं. पण अजूनही कुणी मशरूम म्हटलं की ते ताटावरून उठतात.

*

आता हा शेवटचा. हा सांगितला की आमच्या कोपऱ्यातली माणसं खुर्च्या परत जागेवर ठेवायला उठतात.

मिल बंद झाली, वीज तोडली, मशिनं सील केली. पण "अंतिम निर्णय" व्हायचा होता, म्हणून फोनची लाइन ठेवली. लाइन ठेवली म्हणून मला ठेवलं. एवढ्या मोठ्या आवारात गेटवर एक चौकीदार आणि ऑफिसात मी.

आणि दिघे. सकाळच्या पाळीच्या वेळेला इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन यायचे आणि गेटच्या आतल्या बाकावर बसायचे. आधी म्हणायचे युनियनचं काम आहे. नंतर काही म्हणेनासे झाले. पेपर वाचायचे, जेवणाच्या सुट्टीला डबा उघडायचे, पाळी सुटायच्या वेळेला उठून घरी जायचे. मी आणि चौकीदार त्यांना काही विचारत नव्हतो.

एक दिवस दुपारी फोन आला. "सुधाताई, मी कुसुम दिघे, पीसीओवरून बोलतेय. ह्यांना निरोप द्या ना. पिंकीला बघायला उज्जैनचे लोक अचानक आलेत. म्हणावं, लवकर घरी या."

या वहिनींनी नोटीस लागली त्या दिवशी चाळीतल्या बायका गोळा करून गेटवर धरणं धरलं होतं. पोलिसांनी उचललं तेव्हा गाडीत सगळ्यांत आधी चढलेल्या त्याच.

मी म्हटलं, "सांगते, लगेच सांगते."

त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाल्या, "त्यांना सुट्टी मिळेल ना हो?"

"मिळेल की," मी म्हटलं.

मी गेटवर गेले. "दिघेजी, वहिनींचा फोन होता. पिंकीला बघायला पाहुणे आलेत, लवकर बोलावलंय. विचारत होत्या, सुट्टी मिळेल ना."

दिघ्यांनी पेपरची घडी घातली. उठले, शर्टाचं वरचं बटण लावलं. हा माणूस आयुष्यभर जीएमच्या केबिनचं दार लाथेने उघडत आला होता. आज तो गुडघाभर वाढलेल्या गवतातून चालत ऑफिसच्या इमारतीकडे गेला, पायऱ्या चढला आणि केबिनसमोर जाऊन उभा राहिला. दाराला कुलूप, कुलपावर लाखेचं सील.

त्यांनी दारावर हळूच टकटक केलं. थोडा वेळ थांबले. मान जरा खाली घालून उभे होते. माझ्याशेजारी चौकीदार उगाचच रस्त्याकडे बघायला लागला.

मग ते परत आले. बाकावरचा डबा उचलला.

"मिळाली ताई," ते म्हणाले. "पण हाफ डे लावतो म्हणाले."