उस्ताद बोटीवर जायला निघतात

उस्तादांनी आयुष्यभर शहराची बस चालवली. डेपोत नवीन आलेली माणसं त्यांच्या हाताखाली तयार व्हायची, म्हणून ती त्यांना उस्ताद म्हणायची. ते नाव पुढे गल्लीत पसरलं, घरात शिरलं आणि निवृत्तीनंतरही अंगाला चिकटून राहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या चाकाखाली कधी मांजरसुद्धा आलं नाही. लोक म्हणायचे, नशीबवान माणूस! उस्तादांना ते पटत नसे. नशीब कसलं त्यात? आपण डोळ्यांत तेल घालून रस्त्याकडे बघत होतो, म्हणून मागची माणसं धड घरी पोचली, असं त्यांचं सरळ म्हणणं.

या म्हणण्यापायी त्यांना दुसऱ्याच्या गाडीत बसवत नसे. जावयाशेजारी पुढे बसले तर उजवा पाय सारखा खाली दाबत राहायचे. मागे बसवलं तर मान पुढे काढून, "तो टेम्पो बघ, तो वळणार, वळणारच तो!" सुरू. जावई मुळातच अबोल. सासऱ्यांबरोबर एक फेरी झाली की त्याची उरलीसुरली वाचाही बसायची. त्यामुळे कुठे जायचं झालं की गाडी उस्तादच चालवत, आणि फार लांब असेल तर जाणंच टळत असे.

अशा माणसाच्या घरी एका रविवारी लेक जावयाला घेऊन आली आणि पायातल्या चपला काढता काढताच म्हणाली, "आई, बाबा, आपण चौघं बेटांवर जातोय. आठवडाभर शिडाची बोट घेतलीय. अख्खी बोट आपली!"

लेक दातांची डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडं ठेवून गप्प बसायचं आणि बोलायचं आपण, ही तिची दवाखान्यातली सवय घरीही सुटत नसे. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. तिकडचा समुद्र बारा महिने कोमट असतो. पाणी इतकं नितळ, की तळाची वाळू मोजून घ्यावी. बोटीतच झोपायचं, बोटीतच जेवायचं, सकाळी एका बेटापाशी तर संध्याकाळी दुसऱ्या.

उस्तादांच्या बायकोने हातातली कात्री खाली ठेवली. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची आणि तिची कात्री सहसा कुणाच्या येण्याने थांबत नसे. "बाई गं," एवढंच म्हणाली आणि शिलाई मशीनच्या स्टुलावर नीट सावरून बसली, जणू बोट आत्ताच हलणार होती.

उस्तादांनी विचारलं, "चालवणार कोण?"

"कप्तान असतो की बोटीबरोबर."

"अनुभव किती?"

"बाबा, मला काय माहीत?"

"आणि ब्रेक?"

"कसले ब्रेक?"

"बोटीला ब्रेक नसतात?"

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने चहाच्या कपात तोंड खुपसलं.

त्या दिवसापासून एका घरात दोन ऋतू सुरू झाले. बायकोच्या बाजूला उत्सव आणि उस्तादांच्या बाजूला नुसती घालमेल. लेक फोनवरून एकेक सूचना करायची. कडक बॅगा आणायच्या नाहीत, बोटीतली खोली कपाटाएवढी, रिकाम्या बॅगा ठेवायला जागा नाही. घडी होईल अशा कापडी बॅगाच हव्यात. बोटीवर अनवाणी वावरायचं, बुटांनी फळ्यांवर चरे पडतात. गोडं पाणी जपून वापरायचं. मळमळीच्या गोळ्या निघायच्या आधी घ्यायच्या, उलटी झाल्यावर नाही. आणि उन्हासाठी लावायचं ते मलम साधं चालणार नाही, त्याने पाण्यातली पोवळी मरतात.

बायकोने जाड ताडपत्रीसारखं कापड आणून दोन बॅगा स्वतःच शिवल्या. सुई दोनदा मोडली, पण हार मानली नाही. मग पोहायचा पोशाखही घरीच बेतला: गुडघ्यापर्यंत, पूर्ण बाह्यांचा, गडद निळा. लेकीने पाहिला आणि म्हणाली, "आई, यावर फक्त शाळेचा बिल्ला लावायचा राहिलाय."

"राहू दे. निदान फाटणार तरी नाही," बायको म्हणाली आणि आरशापुढे पुन्हा एकदा अंगाला लावून बघितला.

उस्तादांनी आपली बॅग वेगळ्या तऱ्हेने भरली. विजेरी, तिचे जादा सेल, दोरखंड, शिट्टी, चिकटपट्टी, मलमपट्टीचा डबा आणि पान्यांचा अख्खा संच. कपडे भरायची वेळ आली तेव्हा बॅग जागची हलेना.

"बाबा, बोट बंद पडली तर तुम्ही काय समुद्रात उतरून पाना फिरवणार आहात?"

"वेळ काय सांगून येते?"

पायाला भिंगरी लागल्यासारखे ते दिवसभर घरात फिरत. बाल्कनीतून स्वयंपाकघरात, तिथून पुन्हा बाल्कनीत. मध्येच फोन काढून त्या बेटांवरचं हवामान बघत. तिकडे ढग दिसला की इकडे हे लेकीला फोन लावायचे. जेवताना घास हातातच राही. शेवटी लेकीने वैतागून कप्तानाचा नंबर दिला. "माझं डोकं खाऊ नका, कप्तानालाच विचारा."

उस्तादांनी फोन लावला. "नमस्कार. मी तुमचा..." प्रवासी हा शब्द त्यांनी टाळला. "मी येणार आहे तुमच्या बोटीवर."

"बोला काका," पलीकडून बाईचा आवाज आला. मागे वाऱ्याची फडफड चालू होती.

"तुम्हीच कप्तान?"

"मीच. काही अडचण?"

"छे छे. आमच्या डेपोतही होत्या दोघी, उत्तम चालवायच्या. मला एवढंच विचारायचं होतं, बोट कधी आपटलीय का?"

"आपटली नाही. वाळूवर चढलीय मात्र. भरतीची वाट बघत बसलो. भरती आली, निघालो."

"बसलो म्हणजे? आतली माणसं?"

"तीही बसली. पत्ते खेळली."

"आणि वादळ आलं तर?"

"यायच्या आधी आडोशाला जाते. शंका असली तर निघतच नाही."

"रात्री?"

"रात्री नांगर टाकते."

"नांगर सुटला तर?"

"काका, तुम्ही काय चालवायचा?"

"बस."

"वाटलंच. तुमच्या बसमध्ये चढून कुणी एवढे प्रश्न विचारले असते तर काय केलं असतं?"

उस्ताद खोटं बोलणारे नव्हते. "उतरवलं असतं."

ती मोकळेपणाने हसली. "मला उतरवता येत नाही, खाली समुद्र असतो. म्हणून सांगते, यायचं की नाही ते तिथूनच ठरवून या."

उस्तादांनी ठरवलं. संध्याकाळी जेवताना जाहीर करून टाकलं, "मी येत नाही. तुम्ही तिघं जा म्हणावं तर तुम्हालाही जाऊ द्यायला माझं मन होत नाही. पण निदान मी तरी येत नाही." त्यांची अपेक्षा होती की आता आर्जवं होतील, लेकीचे फोन येतील, मग आपण आपलं म्हणणं सविस्तर मांडू. बायकोने फक्त आमटी वाढली.

सकाळी उठून बघतात तो बायको तिनेच त्यांच्या बॅगेत भरलेले कपडे काढून कपाटात रचतेय.

"हे काय करतेस?"

"माझ्या आणि लेकीच्या सामानाला ही बॅग होईल."

"म्हणजे तू जाणार?"

"जाणार."

"माझ्याशिवाय?"

बायकोने सदऱ्याची घडी घातली, हातानेच इस्त्री केल्यासारखी दाबली. "अहो, तुमच्याबरोबर मी गेलेय कधी? लग्न झाल्यापासून जिथे गेले तिथे तुमची पाठ बघत गेले. चालवताना बोललेलं तुम्हाला चालायचं नाही. मी कधी कुरकुर केली नाही, तुमचं कामच तसं होतं. पण आता ते काम संपलंय, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं ना?"

आवाजात राग नव्हता, आणि पंचाईत तीच होती. ती चिडली असती तर उस्तादांनाही चिडता आलं असतं. ते चपला पायात अडकवून बाहेर पडले.

चालत चालत ते नेहमीच्या वाटेने डेपोवर पोचले. तिथे कुणाशी काय बोलावं ते कळेना, म्हणून समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढले. त्यांचाच जुना मार्ग. चालकाच्या मागच्या बाकावर बसले आणि बस सुटली. चालक त्यांच्याच हाताखाली शिकलेला. पहिल्याच चढाला उस्ताद म्हणाले, "गियर उतरव." दुसऱ्या चौकात, "डावीकडे बघ, डावीकडे!" तिसऱ्या वळणावर चालकाने बस थांब्यावर लावली आणि मागे वळला.

"उस्ताद, उंटावरून शेळ्या हाकू नका. एक तर इथे येऊन बसा, नाहीतर ही पाटी वाचा." वर लिहिलेलं होतं, चालकाशी बोलू नये.

अख्खी बस हसली. उस्तादांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते पुढच्याच थांब्यावर उतरले आणि तो सगळा रस्ता पायी तुडवत घरी आले.

पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. या वेळी सगळ्यात मागच्या बाकावर बसले, जिथून चालकाचं डोकंही धड दिसत नव्हतं. दांडी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. शेजारी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन एक बाई बसली होती. दोन थांबे जाईपर्यंत तिचा डोळा लागला. पिशवी कलंडली, डोकं उस्तादांच्या खांद्यावर आलं. अशी झोपलेली माणसं उस्तादांनी वर्षानुवर्षं आरशात बघितली होती आणि त्यांना मनातल्या मनात बेफिकीर ठरवलं होतं. आता खांद्यावर ते डोकं पेलत बसले. चढताना गाडी कोण चालवतंय हे या बाईने बघितलंसुद्धा नव्हतं. शेवटच्या थांब्यापर्यंत ते हलले नाहीत.

मग ते रोज जाऊ लागले. घरी काही सांगितलं नाही. सवय झाली म्हणावं तर तेही नाही. भीती तशीच होती. एवढंच कळलं, की तोंड बंद ठेवूनही घाबरता येतं.

निघायच्या आदल्या दुपारी ते बायकोपुढे उभे राहिले. "माझी बॅग कुठेय?"

बायकोच्या तोंडात दोरा होता. तिने मानेनेच कोपरा दाखवला. बॅग रिकामीच होती. तिने तिच्यात अजून काही भरलं नव्हतं.

"बनियन कुठे असतात?"

"आज विचारताय होय!" ती म्हणाली, पण जागची उठली नाही.

मग उस्तादांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःचे कपडे भरले. सदरे चोळामोळा झाले, टोपी तळाशी गेली, मलम विसरलं म्हणून सगळं उपसून पुन्हा भरावं लागलं. पाने त्यांनी हातात घेऊन तोलले, खाली ठेवले, परत उचलले आणि अखेर पलंगाखाली सरकवून दिले.

निघताना त्यांनी गॅस तपासला, नळ तपासले, कुलूप ओढून पाहिलं, खाली उतरले आणि परत वर जाऊन पुन्हा ओढून पाहिलं. विमानात त्यांना वैमानिकाला एकदा बघून घ्यायचं होतं, ते कुणी बघू दिलं नाही. धक्क्यावर पोचेपर्यंत दोन्ही हातांच्या मुठी वळलेल्याच होत्या. कप्तान बाई बुटकीशी, नाकाची साल उन्हाने निघालेली. तिने त्यांना बरोबर ओळखलं.

"ठरवलंत का, काका?"

"आलोय ना."

"ते दिसतंय. ठरवलंत का?"

उस्तादांनी बूट काढले.

शीड भरलं आणि बोट एका अंगाला कलली, तेव्हा त्यांचे ओठ हलले, पण शब्द बाहेर पडला नाही. बाहेर पडलं ते सकाळचं जेवण, तेही आधी गोळी घेतलेली असताना. बायको पाठीवरून हात फिरवत होती आणि तिचे केस वाऱ्यावर चहूकडे उडत होते. पुढचे सगळे दिवस असेच गेले. लाकूड करकरलं की ते दचकत, दोर ताणला की उठून बघत. झोप लागली ती तुकड्यातुकड्यांनी.

एका दुपारी बोट एका छोट्या बेटापाशी नांगरली. पाणी कमरेएवढं होतं. बायको तो निळा पोशाख घालून शिडीवरून उतरली आणि कुणाची वाट न बघता किनाऱ्याकडे चालू लागली. उस्ताद कठड्याला धरून बघत राहिले. ती अर्ध्यावर गेली तेव्हा त्यांना राहवलं नाही. विजार दुमडून उतरले, पहिल्या पावलालाच ती भिजली, आणि पाणी कापत तिच्या मागे निघाले.

किनाऱ्यावर ती पाय पसरून वाळूत बसली. उस्ताद काठाने येरझाऱ्या घालू लागले. एक नजर बोटीकडे, एक नजर ढगाकडे.

"बसा हो जरा," ती म्हणाली.

"बसतो," ते म्हणाले, आणि आणखी एक फेरी मारून आले. मग तिच्याशेजारी बसले. फार वेळ नाही, पण बसले.