तुकारामची मोटर आणि बिरादार सरांचा बीम

बिदरच्या पॉलिटेक्निकातले आम्ही डिप्लोमावाले आता कुणी पुण्यात, कुणी हैदराबादेत. लग्नाकार्यात भेटलो की ताटातलं जेवण थंड होतं, पण बिरादार सरांचे किस्से संपत नाहीत.

सर मेकॅनिक्स शिकवायचे. पहिल्याच तासाला त्यांनी दोन वजनकाट्यांवर फळी ठेवली, मधोमध विटा. दोन्ही काटे सारखे. विटा एका बाजूला सरकवल्या, तसा तिकडचा काटा वाढला, दुसरा उतरला, बेरीज तीच. सर म्हणाले, "टेकू नुसता बसलाय वाटतं. बसला न्हाई, वर ढकलायलाय." ह्या ढकलण्याचं नाव रिॲक्शन.

*

सुट्टीत औरादला घरी मी मोठ्यानं घोकत होतो, डाव्या टोकाला रिॲक्शन आठ, उजव्या टोकाला चार. थोरली अक्का चुलीपासून धावत आली. "कसली गोळी खाल्लास रे?"

*

एकदा गणितात माझी रिॲक्शन उणे आली. मी गुपचूप चिन्ह खोडलं. सरांनी मला बाकाच्या अगदी टोकाला, पायाच्याही बाहेर बसायला लावलं. बाक उलटला, मी जमिनीवर. दुसरं टोक खाली दाबून धरावं लागतं म्हणून उणे, असं सरांनी वरूनच समजावलं.

*

तुकाराम आमच्याच वर्गातला, खटकचिंचोळीचा. बारा टनांच्या ओझ्याला त्याच्या दोन रिॲक्शनची बेरीज तेरा. एक टन कुठून आणलास, सरांनी विचारलं. बीमचं वजन धरलं, म्हणाला. बीमला वजन नाही असं प्रश्नातच लिहिलंय, सर म्हणाले.

"सर, बिनवजनाचं लाकूड कुठल्या अड्ड्यावर मिळतंय?"

सरांनी त्याला अर्धा मार्क दिला.

*

ह्याच तुकारामच्या विहिरीतली मोटर बिघडली. त्याचे अप्पा दोर बांधायला खाली उतरले. वर विहिरीवर आडवा लोखंडी गर्डर. एक टोक दगडी काठावर, दुसरं नुसत्या मातीवर. मिस्त्रीनं कप्पी मधोमध लावली होती. तुकारामनं अडवलं. अशानं निम्मं वजन मातीवर येतं, कप्पी दगडाकडं सरकवा, मग मातीवर पावच येईल, असं त्यानं सिमेंटच्या पिशवीवर गणित मांडून दाखवलं. मिस्त्री कुरकुरला, पण कप्पी सरकली.

मोटर पुढं सुखरूप वर आली, मातीचं एक ढेकूळसुद्धा पडलं नाही. पण दोर ओढायच्या आधी खालून अप्पांनी हाक मारली.

"तुका, ह्या विषयात तुला मार्क किती पडले होते?"

"अडतीस, अप्पा."

अप्पांनी हातातला दोर सोडला.

"थांब. आधी मी वर येतो."